शेजारच्या थडग्यातलं हसू

ही घटना खरी आहे. खोटी रचायची असती, तर मी निदान रात्रीची तरी रचली असती.

भर दुपार होती. एप्रिल, शिमीचा सण. त्या दिवशी आम्ही ओकिनावातली माणसं पूर्वजांच्या थडग्यासमोर चटया टाकतो आणि त्यांच्यासोबत जेवतो. सहलच समजा. फक्त अर्धी मंडळी आत असतात.

योमितानच्या टेकडीवर आमचं थडगं आहे, कासवाच्या पाठीसारखं. आत पिढ्यान्‌पिढ्यांचे अस्थिकलश. शेवटचा बाबांचा. त्याच्या शेजारची जागा आईची. ती दर वर्षी दाराच्या दगडाला बजावायची, "माझी जागा धरून ठेवा हो. ऐसपैस पसरू नका."

त्या वर्षी दादा आला नाही. नाहा शहरात काम निघालं म्हणे.

आईने उदबत्ती लावली.

विझली...

पुन्हा लावली. पुन्हा विझली. वारा नव्हता.

"बाबा रुसलेत," मी म्हणालो. "डुकराचं मांस कच्चं राहिलंय तुझं."

"गप्प बस."

ती दगडाकडे बघत होती. त्याच्या कडेचा गिलावा... नवा होता, कोणीतरी दगड काढून परत बसवल्यासारखा.

तेवढ्यात बाबा हसले.

घोगरं, मधेच शिंक अडकल्यासारखं. जगात एकाच माणसाचं हसू तसं होतं.

पण ते आमच्या थडग्यातून आलं नाही.

शेजारच्या, इशिमिनेंच्या थडग्यातून आलं.

त्याच्यासमोर इशिमिने काका तळलेला टोफू हातात धरून तसेच बसले होते. "तुमचे बाबा सकाळपासून आमच्याकडे आहेत," ते संकोचून म्हणाले. "बाकीचेही असावेत. आमचे पूर्वज एवढे बोलके कधीच नव्हते."

मी दादाला फोन लावला. स्पीकरवर.

"अरे, सांगणारच होतो," दादा म्हणाला. "हिवाळ्यातच हलवलं सगळ्यांना. नाहात नवी इमारत झालीय अस्थी ठेवायची. लिफ्ट आहे, एसी आहे. दर वर्षी टेकडी कोण चढणार?"

"थडगं सोडणार नाही असं बाबांना वचन दिलं होतंस," मी म्हणालो.

"नीट जपूनच नेलं ना त्यांना."

"कुठे नेतोयस ते सांगितलंस त्यांना?"

"हाडांना काय सांगायचं?"

कलश हलवायच्या आधी आतल्यांना सांगावं लागतं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. दादाने कलश नेले. माणसं टेकडीवरच राहिली, आणि घर रिकामं झालं म्हणून शेजारी गेली...

आईने जेवणाच्या डब्याला झाकण लावलं. "आणि माझी जागा?"

"तुझंही बुकिंग केलंय गं," दादा म्हणाला.

त्यानंतर आई कोणाशी फारसं बोलली नाही. थंडी सुरू होताना गेली. दादाने तिचा कलश नाहाला नेला. त्याआधी मी कलशाजवळ वाकून सांगितलं, "आई, बाबा इशिमिनेंकडे आहेत. तिकडेच जा."

या शिमीला मी एकटाच गेलो.

शेजारून बाबांचं हसू आलं. कोणीतरी चांगला विनोद सांगितला असावा.

मी आईचा आवाज शोधत राहिलो. त्यांच्यात नव्हता.

मग आमच्या रिकाम्या थडग्यातून, दगडाच्या अगदी मागून...

च्च्.

चिडली की आई असंच करायची.

मी दगडाजवळ तोंड नेलं. "आई, ते शेजारी आहेत. सांगितलं होतं ना मी."

मी दगडाला कान लावला.

"मी जागा धरून बसलेय," आतून आवाज आला. "येतील ते."

मेलेल्या माणसाला शेजाऱ्यांच्या पंगतीतून कसं उठवायचं, हे आमच्याकडे कोणालाच माहीत नाही. मी विचारून पाहिलंय.

शेजारी बाबा पुन्हा हसले...