बिल्ल्यामागचा चुंबक

पहिल्याच भेटीत टेगनने कॉर्मॅकच्या बुटांवर अर्धी बादली सांडपाणी ओतलं होतं. फ्रीमँटलच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून ती दर गुरुवारी नमुन्याचं पाणी घेऊन त्याच्या प्रयोगशाळेत येई.

"धुऊन देते," ती ओशाळून म्हणाली होती.

"नको… वास राहू दे. आठवण."

कॉर्मॅक पाणी गाळायचे पातळ पडदे बनवायचा. चिकट द्रावणात डोळ्यांना न दिसणारे चुंबकी नॅनोकण मिसळायचे आणि ते द्रावण काचेवर पात्याने एका दमात पसरायचं. नंतर पडद्याजवळ चुंबक फिरवला की कण हलतात आणि वर बसलेली घाण सुटते. पण पसरायची वेळ आली की तो टेगनला दाराशी पिटाळी.

"लांब थांब गं. तुझ्या नावाच्या बिल्ल्यामागे चुंबक आहे. सगळे कण तुझ्याकडे धावतील."

तिला ते बोलणं आवडायचं. मग प्रयोगशाळेत फ्रेया आली… नवी मदतनीस, हसरी, कॉर्मॅकला सारखी खेटून.

या गुरुवारी टेगन खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक घेऊन आली, तर फ्रेया त्याच्या कोपराशी वाकलेली. अंगावर तसलाच चुंबकी बिल्ला. आणि पडदा? एकदम गुळगुळीत. टेगनच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हिचा चुंबक उपाशी आहे वाटतं," ती म्हणाली. "कण ओढत नाही."

फ्रेयाने दोघांकडे पाहिलं, एक लॅमिंग्टन उचललं आणि चहाच्या निमित्ताने सटकली.

"मी जवळ नको होते, तर सरळ सांगायचंस. तिकडे लांब उत्तरेला, ब्रूमला बदली देताहेत मला. उद्या हो म्हणून टाकते."

कॉर्मॅकचा चेहरा उतरला. त्याने खणातून एक जुना पडदा काढला. कुठे जाड, कुठे पातळ, नुसत्या लाटा.

"तू पहिल्यांदा शेजारी उभी होतीस ना, त्या दिवशीचा."

"चुंबकाने झालं?"

"चुंबकाने नुसते कण सरकले असते, अशा लाटा नसत्या उठल्या. हे हाताने झालंय." तो अडखळला. "फ्रेया असली की हात दगडासारखा स्थिर. तू असलीस की…"

"की काय?"

"थरथरतो. सगळं काम बुडालं असतं, म्हणून बिल्ल्याची थाप मारली. आवडतेस तू मला. जाऊ नकोस."

टेगनने बिल्ला काढून फ्रिजच्या दारावर चिकटवला आणि त्याच्या कोपराला कोपर लावून उभी राहिली.

"पसर आता."

पातं निघालं आणि अर्ध्यातच वाकडं गेलं. दोघांनाही हसू आवरेना.

"आणि ब्रूम?" त्याने हळूच विचारलं.

"तिथे फ्रेयाला पाठव," ती म्हणाली.