राणीची बाही आणि विमानाचे पंख

कापडाच्या दुकानात, उरल्यासुरल्या तुकड्यांच्या टेबलापाशी, ती पांढऱ्या तलम रेशमाचं एक टोक धरून उभी होती... आणि दुसरं टोक कुणीतरी ओढत होतं.

"सोडा," ती म्हणाली.

"तुम्ही सोडा की. मी आधी धरलंय."

तिनं मान वर केली. माणूस दिसायला शहाणासुरता होता; शर्टावर गोंदाचे डाग, अंगठ्याला चिकटपट्टी, आणि डोळे मात्र असे, की खोटं बोलला तर लगेच पकडला जाईल.

"अहो, मी नाटकांचे पोशाख शिवते. आमच्या राणीच्या बाह्या या कापडावाचून अडल्यात."

"माझे पंख अडलेत."

"तुमच्या नाटकात परी आहे?"

"नाही हो. विमान आहे."

ती हसायलाच लागली. "विमानाला झगा शिवताय?"

"तसंच समजा," तो अवघडून म्हणाला. "रिमोटवर उडणारं, दुहेरी पंखांचं छोटं विमान. लाकडी सांगाड्यावर रेशीम ताणून बसवायचं असतं. जुन्या काळचं किट आहे. माझ्या आत्यानं आखलेलं... शेवटची पेटी उरलीय. महिनाअखेरीला आत्या कायमची लेकीकडे चाललीय, परदेशात. त्याआधी ते उडालेलं तिला दाखवायचंय."

तिनं कापडाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. राणीनं एका हातावर शाल घेतली, तर एका बाहीवर भागेल...

"अर्धं अर्धं," ती म्हणाली. "पण एक अट. कापणार मी. तुमच्या अंगठ्याकडे बघून तुमच्या हातात कात्री द्यायची हिंमत होत नाही."

*

आत्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर जेवायला जागाच नव्हती. अख्ख्या टेबलभर विमानाचा नकाशा पसरलेला, त्यावर टाचण्यांनी रोवलेल्या बाल्सा लाकडाच्या हलक्या काड्या. आत्या अंबाड्यात पेन्सिल खोचून टेबलाच्या टोकाशी बसली होती.

"ये गं," ती म्हणाली. "मी याला सांगत होते, उघडू नकोस पेटी. बंद पेटीतलं विमान कधी पडत नाही. पण ऐकेल तर ना! दुरुस्त करतो रुग्णवाहिकांचे वायरलेस, आणि घरात स्वतः मात्र कुणाचंच ऐकत नाही."

मग रोज संध्याकाळी ती यायला लागली. काम दोन दिवसांचं होतं खरं तर, पण रेशमाला घाई चालत नाही, असं तिनंच जाहीर करून टाकलं. त्यानंही लगेच मान डोलावली.

काम करता करता आत्या सांगायची. "आमच्या सुरुवातीच्या काळी रिमोटला एकच बटण. एकदा दाबलं की उजवीकडे, दोनदा दाबलं की डावीकडे. मोजायला चुकलात की संपलं! विमान शेजारच्या गावात."

"आणि दुहेरी पंखच का?"

"लोकांची टेबलं लहान होती गं. एक लांबलचक पंख मावणार कुठे? म्हणून मी आखूड दोन केले, एकावर एक. सुट्टीच्या दिवशी बापलेक टेबल अडवून बसायचे आणि बायका माझ्या नावानं खडे फोडायच्या." आत्या जरा थांबली. "म्हणजे, कारखान्याच्या मालकाच्या नावानं. पेटीवर त्याचं नाव होतं ना."

हसता हसता तिनं पेन्सिल काढली, उगाच टोक पाहिलं आणि परत खोचली. पुढे कारखान्यातले साचे बोथट झाले, लाकूड कापलं जायच्या ऐवजी चिरडलं जाऊ लागलं. तेवढ्यात फोमची तयार विमानं आली, आणि टेबल अडवून बसायला कुणाला सवड उरली नाही. कारखाना बंद झाला त्या दिवशी आत्या ही एक पेटी काखेत मारून घरी आली होती.

रेशीम ओलं करून पंखावर ताणायचं, वरून रोगणाचा हात फिरवायचा, की वाळताना ते ढोलकीसारखं घट्ट होतं. एका टोकाला ती, एका टोकाला तो. रोगणाचा उग्र वास, उघडी खिडकी, आणि ओल्या रेशमाखाली चुकून भेटणारी बोटं...

"ताणा," तो म्हणाला.

"ताणलंय."

"एक सुरकुती दिसतेय."

"कुठे?"

"कपाळावर. तुमच्या."

"पंखाकडे बघा!" ती म्हणाली. पण सुरकुती गेली होती, आणि आत्याला नेमका त्याच वेळी स्वयंपाकघरातला चहा आठवला होता.

*

उडवायच्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर मंद वारा होता. तो इंजिनात इंधन भरत होता, तेवढ्यात खुर्चीत बसलेली आत्या सहज बोलून गेली, "मी जातेय, हीही चालली. मोठ्या शहरातल्या नाट्यगृहानं बोलावलंय हिला. सांगितलं ना गं याला?"

तिनं सांगितलं नव्हतं. रोज सांगायचं ठरवायची, आणि रोज...

"अभिनंदन," तो म्हणाला. तिला नाही, इंधनाच्या बाटलीला.

प्रोपेलरला त्यानं बोटानं झटका दिला. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि एकदम गाऊ लागलं. विमान गवतावरून धावलं, अडखळलं आणि उचललं गेलं. पांढऱ्या रेशमातून ऊन आरपार दिसत होतं, आतल्या काडीन् काडीसकट.

वर नेऊन त्यानं ते स्थिर केलं आणि रिमोट आत्यापुढे धरला.

"नको रे! पाडीन मी. मी कधी उडवलेलंच नाही."

दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

"चाचणीला पुरुषच जायचे," आत्या म्हणाली. "मला येऊन सांगायचे, छान वळतं म्हणून."

त्यानं रिमोट तिच्या हातात दिला आणि तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. मग हळूहळू काढून घेतली. विमान झुललं, सावरलं आणि एक मोठं, गोल, संथ वळण घेत त्यांच्या डोक्यावरून गेलं.

"अगं बाई," आत्या पुटपुटली. "खरंच छान वळतं."

स्वतःच उतरवायचा हट्टही तिनं धरला. चाक मातीच्या ढेकळाला लागलं, विमान उलटलं, खालचा पंख काडकन मोडला. त्याचा चेहरा उतरला. आत्या मात्र डोळे पुसत हसत होती. "पडलं! आता ते खरं विमान झालं. चला, मी गाडीत बसते. तुम्ही तुकडे वेचा."

दोघं गवतात वाकून काड्या वेचू लागले.

"कधी निघणार?" शेवटी त्यानं विचारलं.

"जाऊ की नको, हे तर विचारलंच नाहीत तुम्ही."

"मी कोण विचारणारा? एवढी मोठी संधी आहे. माझ्यासाठी थोडीच कुणी..."

"हेच! हेच ते!" तिनं हातातल्या काड्या खाली टाकल्या. "दोन दिवसांच्या कामाला मी तीन आठवडे लावले, ते काय मला शिवता येत नाही म्हणून? तू ना, अगदी..."

ती थांबली. तो सावकाश उभा राहिला.

"काय म्हणालीस?"

"रागात म्हणाले."

"मग रोज रागावत जा."

वाऱ्यानं तिचे केस तोंडावर आले; तिनं ते बाजूला केले नाहीत. तोंड लपवायला ते बरे होते.

"तू जाच," तो म्हणाला. "थांब म्हणणार नाही मी. फक्त... मी आलो तर चालेल? तुझ्या मागे मागे नाही. तुझ्याबरोबर. मला आवडतेस तू. त्या दुकानात कापड ओढत होतीस ना, तेव्हापासून. वायरलेस काय, तिथेही बिघडत असतीलच."

"आणि नसले बिघडत?"

"मी बिघडवीन एखादा."

ती खुदकन हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. खिडकीतून आत्यानं डोकं बाहेर काढलं होतं.

"अरे, विचारलंस का तिला? नाहीतर मी विचारते!"

"विचारलं!" तो ओरडला.

"मग काय म्हणते?"

तो तिच्याकडे बघत राहिला. तिनं त्याचा गोंदानं खरखरीत झालेला हात हातात घेतला आणि वाऱ्यावर, पार गाडीपर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं,

"ये म्हणते!"