सैल पडलेली दोरी

दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी ती वाळलेली दुपटी घेऊन गॅलरीतून खोलीत आली, तिथून हे सगळं सुरू झालं. पाळण्यात तान्ही लेक तापातच झोपली होती. नवरा खाटेवर बसून दोरीकडे बघत होता.

दोरी त्यानेच बांधलेली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, तारेसारखी ताठ. तो पाणबुड्या बांधणारा इंजिनिअर. कागदावरच्या पहिल्या रेघेपासून शेवटच्या सांध्यापर्यंत सगळं त्याच्या नजरेखालून जायचं. नवी पाणबुडी पहिल्यांदा खोल जाताना तिचा आराखडा काढणाऱ्याने आत बसायचं, असा त्यांचा रिवाज. लेकीला ताप होता म्हणून या खेपेला तो घरी राहिला. पाणबुडी गेली ती गेलीच. तेव्हापासून त्याची अन्नावरची वासना उडाली, आणि घरात ही दोरी आली.

"बरं झालं, दुपटी वाळत घालीन," ती पहिल्या दिवशी म्हणाली होती.

"वजन नको तिच्यावर. बुडी मारायच्या आधी पाणबुडीत अशीच बांधतात. खोल गेलं की पाणी भिंती दाबतं, दोरी सैल पडते. मग कळतं."

सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी चढेना, आणि याला समुद्र दिसतोय!"

तिघंही हसले. ते शेवटचं हसणं.

आज सासूबाई शेजारी गेल्या होत्या, आणि दोरीला झोळ पडला होता.

"गाठ सुटली असेल..."

"गाठ मी मारलीय." तो अगदी हळू बोलला. "लेकीला उचल."

तिने उचललं. कानांत दडे बसले. खिडकीतलं ऊन हिरवट झालं. गंजलेल्या लोखंडाचा ओला वास आला आणि भिंती कण्हल्या, दोन्हीकडून. दार बाहेर उघडणारं. तिने ढकललं, तर पलीकडे डोंगर टेकल्यासारखं.

"अहो... उघडत नाहीये..."

तो उठला. दाराला पाठ लावली, पाय खाटेला रोवले. फट पडली, एक माणूस जाईल एवढी.

"जा."

"आणि तुम्ही?"

"मी हललो की मिटेल. जा ना गं..."

ती लेकीला घेऊन बाहेर पडली. गॅलरीत लख्ख ऊन होतं, शेजारीण केस वाळवत बसली होती. मागे दार मिटलं, डब्याचं झाकण बसावं तसं.

सुताराला बोलावलं, तेव्हा ते नुसत्या बोटाने उघडलं. आत सगळं कोरडं. खिडकीला आतून कडी. दोरी पुन्हा ताठ. तो मात्र नव्हता.

त्या संध्याकाळी तिच्या फरशीखालून ठोके आले. तीन, थांबून परत तीन. तिने लाटण्याने तीन ठोकले, की लगेच उत्तर यायचं. मग ते विरत गेले, आणि दुसऱ्या मजल्यावरचे लोक भांडायला आले, "काय ठोकता हो सारखं?" मग पहिल्या मजल्यावरचे. परवा तळमजल्यावरचा शिंपी वर आला. "वहिनी, माझ्या फरशीखालून कुणीतरी..."

त्याच्या फरशीखाली फक्त माती. ती तिथे पालथी पडून ठोकत राहिली. लेकीचा ताप उतरलाय, हे ठोक्यांत कसं सांगायचं ते तिला कळेना. आता तिथेही काही ऐकू येत नाही.

तेव्हा खाली उताराला तुमचं कुणी राहत असेल, विहीर खणत असेल, त्याला एवढा निरोप द्या. जमिनीतून तीन ठोके आले तर पळू नका... उलट तीन ठोका. वर माणसं आहेत, एवढं तरी ठोकणाऱ्याला कळू द्या.