‘घरी’ या रकान्यातली खूण

सभेला उशीर झाला तो बस चुकल्यामुळे, आणि पुढचं सगळं घडलं ते उशीर झाल्यामुळे.

नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत ती शिरली, तेव्हा टेबलाभोवती वीसेक माणसं बसलेली होती आणि खुर्ची एकच रिकामी होती. सकाळपासून भुरभुर लागलेली. तिच्या छत्रीतून पाण्याची धार निघून थेट शेजारच्या माणसाच्या बुटाकडे चालली. त्याने पुढ्यातली कार्यक्रमपत्रिका उचलली, नीट चौघडी केली आणि वाकून छत्रीखाली सरकवली.

“अहो, कागद भिजेल तुमचा.”

“भिजू दे. त्यात चहाची वेळ तेवढी कामाची होती. ती पाठ केलीये.”

आवाज कानावर पडला आणि ती चमकली. हा आवाज गेली दोन वर्षं आठवड्यातून तीनदा तरी तिने ऐकला होता. फोनवर, आणि बहुतेक वेळा दोनच शब्द म्हणताना – ‘जागा नाही’.

“तुम्ही... निवारा केंद्राचे मॅनेजर?”

त्याने वळून पाहिलं. डोळ्यांत आधी आश्चर्य, मग मिस्कील हसू. “आणि तुम्ही वॉर्ड नंबर चारच्या सिस्टर. ‘माणुसकी म्हणून काही आहे की नाही?’ हे वाक्य इतकं झणझणीत दुसऱ्या कुणी ऐकवलं नाही मला.”

ती कानापर्यंत लाल झाली. “मला वाटलं होतं, तुम्ही म्हातारे असाल. टक्कल, जाड चष्मा आणि...”

“आणि?”

“काळजाच्या जागी दगड.”

“चष्मा आहे,” खिशातून काढून दाखवत तो म्हणाला. “बाकीचं होईल हळूहळू.”

टेबलाच्या टोकाला उभ्या असलेल्या बाईंनी दोघांकडे बघून घसा साफ केला.

या बाईंचं काम मोठं अजब होतं. वय साठीच्या पुढे, केस पांढरे आणि बारीक कापलेले. जिल्ह्याजिल्ह्यांत फिरायचं, बेघर माणसांशी ज्यांची ज्यांची गाठ पडते त्या सगळ्या खात्यांना दर गुरुवारी एका टेबलाशी बसवायचं आणि त्यांना एकमेकांशी बोलायला लावायचं. शिकवणं म्हणाल तर शून्य. नुसते प्रश्न.

“तुमच्यातल्या प्रत्येकाचं काम चोख आहे,” बाई म्हणाल्या. “हॉस्पिटलचं चोख, निवाऱ्याचं चोख, पोलिसांचं चोख, गृहनिर्माण खात्याचं तर विचारूच नका. मग माणसं रस्त्यावर का?”

त्यांनी टेबलावरच्या चार खात्यांच्या फायलींवर हात फिरवला.

“प्रत्येकाने आपापली यादी आणलीये ना? चारांची एक करा. आणि आकडे नकोत. नावं हवीत.”

संध्याकाळपर्यंत चार याद्यांची एक यादी झाली. नावं त्रेसष्ट. त्यातलं पहिलं नाव चारही याद्यांत होतं. हॉस्पिटलसाठी तो दम्याचा पेशंट होता, पोलिसांसाठी ‘दुकानाच्या पायरीवर झोपणारा इसम’. गावात मात्र त्यांना ऑपरेटरकाका म्हणत. जुन्या थिएटरात चाळीस वर्षं पडद्यावर चित्रं सोडली, मशीनशेजारच्या खोलीतच राहिले. थिएटर विकलं गेलं आणि नोकरीबरोबर छप्परही गेलं. तिथे आता फर्निचरचं दुकान होतं.

“तुम्ही दोघं,” बाईंनी सिस्टर आणि मॅनेजरकडे बोट केलं, “या माणसाबरोबर एक दिवस चाला. तो जिथे जातो तिथे जा. त्याच्याच रांगेत उभे राहा.”

चालले. काकांची चाल मंद, धाप मोठी आणि जीभ मात्र तरतरीत. ओळखपत्राच्या ऑफिसात पत्ता मागितला. पत्त्यासाठी गृहनिर्माण खात्यात गेले, तर तिथे ओळखपत्र मागितलं. दम्याच्या औषधाचं कार्ड करायला दोन्ही हवं होतं. प्रत्येक खिडकीतला माणूस नम्र होता आणि प्रत्येक खिडकीतून नकारच मिळत होता. पायऱ्या चढताना मॅनेजर काकांचा हात धरायचा, दुसऱ्या बाजूने ती. काका मधूनच दोघांकडे बघत.

“कितव्या रिळावर आलाय तुमचा पिक्चर?”

“कसला पिक्चर, काका?” तिने विचारलं.

“मला नका शिकवू. नायिका भांडायला लागली की मी मशीनला तेल घालून घ्यायचो. पुढे गाणं असतंच.”

मॅनेजर मोठ्याने हसला. ती हसू दाबत रस्त्यापलीकडे बघत राहिली... पण हात तिने काढून घेतला नाही. काकांच्या पाठीमागे त्याची बोटं तिच्या बोटांना लागत होती, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

शेवटी हॉस्पिटलात येऊन त्यांनी काकांची जुनी कागदपत्रं काढली. तिथे तिचं हसू मावळलं. डिस्चार्जच्या फॉर्मवर खुणेला तीन रकाने होते – घरी, दुसऱ्या रुग्णालयात, मृत्यू. दोन वर्षांत काका तीनदा भरती झाले होते, आणि तीनही वेळा ‘घरी’ या रकान्यात खूण होती. तिन्हींखाली सही तिचीच.

“घर नाही हे मला माहीत होतं,” ती हळूच म्हणाली. “तरी मी...”

“माझ्याकडे सात रात्रींचा नियम आहे,” तो म्हणाला. “सात रात्री आत, मग तीन रात्री बाहेर. सगळ्यांना वाटा मिळावा म्हणून. त्या तीन रात्री माणसं कुठे जातात, मी एकदाही विचारलं नाही.”

त्या दिवसापासून दोघांचं भांडण संपलं आणि दुसरंच काहीतरी सुरू झालं. सभेनंतर बसस्टॉपवर दोन बस सोडून तिसरीने जाणं. त्याने तिच्यासाठी खिशात आणलेली भाजक्या शेंगदाण्यांची पुडी. एकदा तो “सिस्टर” म्हणाला, तर तिने नजर जमिनीवर ठेवून म्हटलं, “सगळं जग मला सिस्टर म्हणतं. तुम्ही नाही म्हटलंत तरी... चालेल.”

ती भाऊ-वहिनीकडे राहायची. वहिनीच्या नजरेतून काही सुटत नसे. “वन्सं, गुरुवारी केस फार नीट विंचरता हल्ली. सभेत फोटो काढतात वाटतं?”

“हजेरी घेतात,” ती म्हणाली आणि कंगवा हातातून सटकला.

दोन महिन्यांनी एका गुरुवारी गृहनिर्माणचे साहेब एकदाचे हलले. स्टेशनामागच्या इमारतीत एक खोली होती. येत्या सोमवारी सकाळी काकांना घेऊन ओळखपत्र, घर आणि औषधाचं कार्ड देणारी तिन्ही खात्यांची माणसं एका जागी आली, तर कागद एका दिवसात करू म्हणाले. टेबलाभोवती टाळ्या पडल्या. फक्त एक अडचण होती. काकांची सातवी रात्र त्याच गुरुवारी भरत होती.

“तीन रात्री जास्त ठेवू द्या म्हणून मी निवाऱ्याच्या ट्रस्टींना विचारतो,” मॅनेजर म्हणाला. “नाहीच म्हणाले तर तुमच्याकडे पाठवतो.”

“पाठवा. निरीक्षणाखाली ठेवीन तीन दिवस.”

त्या संध्याकाळी बसस्टॉपवर धुकं उतरलं होतं. त्याने तिची छत्री हातात घेतली, मिटली, परत उघडली... “एक विचारायचंय. लग्नाबिग्नाचा काही विचार आहे का तुमचा? म्हणजे – माझ्याशी?”

इतकं सुख एकदम समोर उभं राहिलं की ती घाबरलीच. “मला विचार करू दे. दोन-तीन दिवस फोन करू नका. तुमचा आवाज ऐकला की मला विचारच करता येत नाही.”

“नाही करणार,” तो म्हणाला. शब्दाचा पक्का होता. तेच नडलं.

शुक्रवारी ट्रस्टी नाही म्हणाले. त्याने एक चिठ्ठी लिहिली, काकांच्या खिशात घातली आणि त्यांना हॉस्पिटलच्या वाटेला लावलं. एरवी त्याने आधी फोन केला असता. त्या दिवशी नंबर काढला आणि परत ठेवून दिला. सिस्टर शुक्रवारपासून रविवारपर्यंत रजेवर होती. स्वतःच्या सुखाचा विचार करायला तिने मुद्दाम रजा टाकली होती, आणि त्या नादात वॉर्डात काकांबद्दल सांगून ठेवायचं राहून गेलं होतं. वॉर्डातल्या दुसऱ्या नर्सने चिठ्ठी वाचली, भरलेल्या खाटांकडे पाहिलं आणि “सोमवारी या, काका,” म्हणाली. काका भिडस्त माणूस. परत निवाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहणं त्यांच्याच्याने झालं नाही. तिला वाटत राहिलं, ते निवाऱ्यात आहेत. त्याला वाटत राहिलं, ते वॉर्डात आहेत.

सोमवारी सकाळी फर्निचरच्या दुकानाचा मालक शटर उघडायला आला तेव्हा काका पायरीवर पडलेले होते. काचेआड विक्रीला मांडलेला डबलबेड, त्यावर नक्षीची चादर. काचेबाहेर काका.

तिने त्यांना वॉर्ड चारमध्ये घेतलं. छाती पुरती भरली होती. मॅनेजर धावत आला आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. काकांनी डोळे उघडले. “उशीर झाला का?” ते पुटपुटले. “ऑफिस बंद होईल हं... चला.”

मंगळवारी दुपारी ते गेले. फॉर्मवर तिसऱ्या रकान्यात खूण करताना तिने पेन इतकं दाबलं की कागद फाटला. दुसरा आणावा लागला.

“मी फोन करायला हवा होता,” व्हरांड्यात तो म्हणाला.

“मीच नको म्हटलं होतं.” तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. “आपण आपल्यातच रमलो होतो. आता... काही बोलू नका.”

गुरुवारच्या सभेत ती कोरड्या डोळ्यांनी उभी राहिली आणि झालेलं सगळं तिने जसंच्या तसं सांगितलं. बसस्टॉपसकट.

“रडायचं असेल तर घरी जाऊन रडा, मीही रडणार आहे,” बाई म्हणाल्या. “पण इथे मला एवढंच सांगा. एका म्हाताऱ्याचा जीव दोन माणसांच्या एका फोनवर लटकत ठेवला कुणी? तुम्ही दोघं आजारी पडला असतात, तरी हेच झालं असतं. प्रेमात पडणं हा काही गुन्हा नाही, पोरींनो-पोरांनो. तुम्ही आजारी असा, रजेवर असा नाहीतर प्रेमात असा, माणूस हातातून सुटता कामा नये. तशी व्यवस्था करा.”

ती व्यवस्था करायला पाच महिने लागले. पलीकडच्याने सही करून माणूस ताब्यात घेतल्याशिवाय वॉर्डातून किंवा निवाऱ्यातून कुणालाही बाहेर काढायचं नाही, असं ठरलं. सात रात्रींचा नियम मॅनेजरने ट्रस्टींशी भांडून मोडला. फॉर्मवर ‘घर नाही’ असा चौथा रकाना यावा म्हणून ती वरच्या साहेबांकडे अकरा वेळा गेली. बाराव्या वेळी तिला येताना पाहून साहेबांनी खुर्चीतूनच सही केली. त्रेसष्ट नावांची एकेचाळीस झाली. गुरुवारी दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसत आणि एकमेकांशी ‘आपण’, ‘कृपया’ असं बोलत. वहिनीने केसांबद्दल विचारणं सोडून दिलं.

मग बाईंचं इथलं काम संपलं. जाताना त्यांनी मॅनेजरला मागून घेतलं. शेजारच्या चार गावांत अशीच टेबलं मांडायची होती, वर्षभर तरी.

निघण्याच्या आदल्या दिवशी स्टेशनामागची ती खोली यादीतल्या पुढच्या नावाला मिळाली. एक शिवणकाम करणाऱ्या आजी होत्या, सहा वर्षं रस्त्यावर काढलेल्या. गादी आणि स्टोव्ह घेऊन सिस्टर जिन्यापाशी आली, तर गादीचं दुसरं टोक धरायला तोच उभा. तीन मजले दोघं गादी घेऊन चढले. आजी आत भिंतींना हात लावत फिरू लागल्या.

बाहेर जिन्यात अंधूक उजेड होता. खिडकीवर पावसाचे थेंब अडकले होते.

“उद्या जातोय,” तो म्हणाला.

“कळलं.”

“मी विचारलं होतं ते तसंच आहे. उत्तर नको असेल तर... तेही समजेन.”

ती कठड्याला टेकली. “मला भीती वाटते. आपण सुखात असू आणि तेवढ्यात कुणालातरी विसरून जाऊ.”

“विसरूच,” तो शांतपणे म्हणाला. “माणसं विसरतात. म्हणून तर एवढे कागद केले आपण.”

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच. त्याने रुमाल पुढे केला नाही, की जवळही आला नाही. नुसता उभा राहिला.

“हो,” ती म्हणाली. “माझं उत्तर हो आहे. पण ते हसत म्हणता येत नाही मला. अजून नाही.”

“चालेल,” तो म्हणाला. “वर्ष आहे हातात. महिन्याच्या पहिल्या रविवारी येईन मी. तुमच्या दादांना भेटायला.”

“वहिनी उलटतपासणी घेईल.”

“घेऊ देत. ट्रस्टींना तोंड दिलंय मी.”

तिच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. तिने हात पुढे केला, आणि त्याने तो दोन्ही हातांत घट्ट धरला.

मागे दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मग कडी निघाली... परत लागली. पुन्हा निघाली, पुन्हा लागली. सहा वर्षांनी आजी स्वतःचं दार लावून पाहत होत्या. दोघं ऐकत राहिले. शेवटी एकदाची कडी लागली ती लागलीच, तेव्हा ती दोघं हलक्या पावलांनी जिना उतरू लागली.