मोजणीला न आलेली उमेदवार

ग्लेंडा थर्लवेलच्या घराचं मागचं दार सताड उघडं होतं आणि चहाची किटली अजून कोमट होती. घरात ग्लेंडा नव्हती.

"हाका मारून मारून घसा बसला माझा," बेरिल म्हणाली. बेरिल ही ग्लेंडाची धाकटी बहीण, मागच्याच गल्लीत राहणारी. तिने दोन्ही हात एप्रनमध्ये गुंडाळून घेतले होते. "आज मतमोजणी आहे, ब्रायोनी. आजच्या दिवशी ती जाईल कुठे?"

डिटेक्टिव्ह सार्जंट ब्रायोनी केट्रिज उंबऱ्यातच थांबून सगळीकडे नजर फिरवत होती. लिंकनशरच्या किनाऱ्यावरचं हे मॉसबी तिचं स्वतःचं गाव. ग्लेंडा इथली निवृत्त नर्स. निम्म्या गावाला आयुष्यातली पहिली सुई तिनेच टोचलेली, ब्रायोनीलाही. काउंटी कौन्सिलची इथली जागा रॉडनी फॅरंट नावाच्या बड्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं दाबून ठेवली होती. यंदा त्याने गावाला खेटून कोंबड्यांच्या प्रचंड शेड उभारायचं मनावर घेतलं, आणि ग्लेंडा त्याच्याविरुद्ध अपक्ष उभी राहिली. काल गुरुवारी मतदान झालं होतं. आज सकाळी वेनबरोच्या क्रीडा संकुलात मोजणी होती.

टेबलावर दोन कप होते. दोन्ही अर्धवट प्यालेले. शेजारी ग्लेंडाचा मोबाइल पडला होता. खुंटीवर निळा ठेवणीतला कोट इस्त्री करून टांगलेला, त्याच्या छातीवर जांभळ्या-पांढऱ्या फितीचं प्रचाराचं फूल. खाली चपलांच्या फळीवर मात्र एक जागा रिकामी होती.

"तिथे काय असतं?"

"तिचे रबरी बूट. चिखलात जायचे."

म्हणजे कुणी ओढून नेलेली नव्हती ती. ओळखीच्या माणसाबरोबर चहा घेता घेता उठली, बूट चढवले, आणि लगेच परतायचं म्हणून फोन तसाच टाकून गेली. ओळखीच्या माणसाची भीती अनोळखीपेक्षा वाईट.

"काल संध्याकाळी कशी होती?"

"जेवली नाही. आयव्ही पोकॉक आहे ना, वृद्धाश्रमातली, तिला मतदान केंद्रावरून परत सोडून आली ती गप्पच. एवढंच म्हणाली, 'उद्या मोजणी सुरू व्हायच्या आधी मला निवडणूक अधिकाऱ्यांना गाठायचंय.' कशाला, ते सांगेना."

"कुणी धमकावलं होतं?"

"रॉडनी. भर बाजारात. 'निकालानंतर बघतो तुझ्याकडे,' म्हणाला." बेरिलने डोळे पुसले. "डेस्मंड होता म्हणून बरं, त्याने मध्ये पडून मिटवलं."

डेस्मंड रूक हा ग्लेंडाचा निवडणूक एजंट. शेडच्या नियोजित जागेला लागूनच त्याचा कॅरव्हॅनचा, म्हणजे चाकांवरच्या घरांचा, तळ होता. सुटीतले पर्यटक तिथे भाड्याने राहत.

"देवमाणूस आहे गं," बेरिल म्हणाली. "माझे लिंबाचे केकसुद्धा तोच वृद्धाश्रमात पोचवायचा. म्हाताऱ्यांजवळ तासन्‌तास बसायचा."

ब्रायोनीने ग्लेंडाचा फोन उचलला, आवाज मोठा केला आणि स्वतःच्या खिशात टाकला. कुणी ना कुणी फोन करेलच.

दारातून समुद्राचा बांध दिसत होता. त्याच्या आत गावाची काळी माती, पलीकडे दलदल आणि राखाडी गाळ. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ब्रायोनीने त्या गाळातून एका कालवं वेचणाऱ्याचं प्रेत बाहेर काढलं होतं. तेव्हापासून तिने बांध ओलांडला नव्हता.

"आज मोठी भरती आहे," बेरिल पुटपुटली. "दुपारपर्यंत सगळं पाण्याखाली."

ब्रायोनीने नजर वळवली.

वृद्धाश्रमात आयव्ही पोकॉक खिडकीशी बसली होती. नव्वदी ओलांडलेली, पण जीभ तरतरीत.

"काल मत दिलंत?"

"देऊ कुठे दिलं मेलीनं! टेबलावरची पोरगी म्हणते, तुमचं मत टपालाने आलंय, आता परत देता येणार नाही. म्हटलं, अगं बये, मी जन्मात टपालाने मत दिलं नाही. चालत येते, रांगेत उभी राहते, चार माणसं भेटतात. तेवढीच तर मजा."

"ग्लेंडा तिथे होती?"

"होती ना, दारातच. ऐकलं तिने. तोंड पांढरंफटक पडलं तिचं. परत येताना गाडीत एकच विचारलं, 'आश्रमात कागदांवर सह्या घ्यायला कोण आलं होतं?' आता मला नावं कुठली राहायला? म्हटलं, तो गं, केकवाला."

इतक्यात ब्रायोनीच्या खिशातला ग्लेंडाचा फोन वाजला आणि ती दचकली. ग्लेंडाचे केस कापणारी बाई होती. "काय गं, जिंकलीस का?"

त्यानंतर वेनबरोला पोहोचेपर्यंत फोन पुन्हा वाजला नाही.

क्रीडा संकुलात बॅडमिंटनच्या रेषांवर टेबलं मांडली होती. कर्मचारी मतपत्रिकांच्या गड्ड्या बांधत होते. उमेदवारांची माणसं मानेला रग लागेपर्यंत त्यांच्या बोटांकडे बघत होती. रॉडनी फॅरंट लालबुंद चेहऱ्याने उभा होता.

"कुठे लपवलीय तुमची नर्स?" त्याने ब्रायोनीला बघताच टोमणा मारला. "नऊ मतांनी पुढे आहे, आणि मिरवायला यायची लाज वाटते होय?"

"ती बेपत्ता आहे, फॅरंटसाहेब. सकाळी कुठे होतात?"

रॉडनीचा चेहरा एकदम उतरला. "गोठ्यात. नंतर इथे. दार उघडायच्या आधीपासून, विचारा कुणालाही." मग जरा हळू आवाजात म्हणाला, "बघतो तुझ्याकडे म्हणालो खरं. पण माझ्या आईला शेवटचे सहा महिने तिनेच अंघोळ घातलीय, बाई. तिच्या केसालाही हात लावणार नाही मी."

"डेस्मंड रूकशी तुमचं काही वाकडं आहे?"

"वाकडं कसलं? दलदलीत त्याचं बदकं मारायचं खोपटं आहे. माझ्या शेतातून जायचा, मी वाट बंद केली. आता मारतो वळसा बांधावरून." त्याने अधिकाऱ्यांकडे बोट केलं. "मी फेरमोजणी मागितलीय. नऊ मतं म्हणजे काहीच नाही."

डेस्मंड खिडकीपाशी होता. नीटस सूट, चकाकते बूट, छातीवर जांभळं-पांढरं फूल. आपला उमेदवार पुढे असताना एजंटाने गड्ड्यांवरून नजर काढू नये. हा मात्र बाहेर आभाळाकडे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. कपाळावर घाम होता.

"ग्लेंडा कुठे आहे?"

"तेच मला कळत नाही," तो म्हणाला. "काल मतदान संपल्यावर शेवटचं बघितलं तिला. सकाळपासून फोन लावतोय. वाजतो, वाजतो, उचलतच नाही."

ब्रायोनीचा हात खिशात होता. बोटं फोनवर होती. तिने चेहरा हलू दिला नाही.

"काळजीत दिसता."

"फेरमोजणीची गरज काय होती? उगाच वेळ काढतोय तो रॉडनी. केव्हाच निकाल लागून मोकळे झालो असतो."

त्याच्या पँटच्या कडेला, चकाकत्या बुटांच्या जरा वर, वाळलेल्या गाळाची एक रेघ होती. राखाडी.

बाहेर येऊन तिने दारावरच्या हवालदाराला बजावलं, डेस्मंड रूकला नजरेआड होऊ देऊ नकोस, इमारत सोडू देऊ नकोस. मग तटरक्षकांना फोन केला. त्यांची बोट पलीकडच्या खाडीत होती. यायला वेळ लागणार होता. भरती वेळ देणार नव्हती.

बांधाखाली गाडी थांबवून तिने टायर काढायचा पाना हातात घेतला. वर चढली आणि पाय जागीच खिळले. ऊन स्वच्छ पडलं होतं. पाण्याचा आवाज नव्हता, लाट नव्हती. नुसत्याच चिखलातल्या चरांमधून पाण्याच्या चकचकीत जिभा सरकत होत्या, एकीला दुसरी मिळत होती. दूरवर खांबांवर उभं लाकडी खोपटं. त्याच्याकडे जाणाऱ्या फळ्यांची वाट मध्येच पाण्यात बुडाली होती.

तिला ते प्रेत आठवलं. तोंडातला गाळ आठवला. "नाही जमायचं मला," ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं. मग खोपट्यातून ठोकल्याचा आवाज आला, अगदी थकलेला, आणि ती उतरली.

पाणी आधी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. फळी पायाखाली आहे की नाही हे पाय टाकल्यावरच कळत होतं. एकदा पाय फळीवरून सुटला आणि गाळाने तो पोटरीपर्यंत गिळला. ओढला की आणखी आत जाई. ती पाण्यात आडवी झाली, पाना फळीच्या फटीत अडकवला आणि त्याला धरून स्वतःला उपसून काढलं. रडत होती की नाही, हे तिलाही नंतर सांगता आलं नसतं.

दाराला बाहेरून कडी होती, कुलूप घातलेलं. पाना घालून तिने कडी लाकडासकट उखडली. आत पाणी जमिनीवर आलं होतं. ग्लेंडा बाकावर उभी होती, ओठ निळे, हातांच्या सालपटांतून रक्त येत होतं.

"तूच होय," ती म्हणाली. "मला वाटलं, तो परत आला."

"चला, ग्लेंडाबाई. माझा हात सोडू नका."

"तूच सोडू नकोस, पोरी. तुझाच हात जास्त थरथरतोय."

बांधावर पोहोचल्यावर दोघीही गवतात बसल्या. मागे फळ्यांची वाट दिसेनाशी झाली होती. ग्लेंडाने धापा टाकत सगळं सांगितलं. ब्रायोनीने तिला इस्पितळात नेते म्हटलं. "आधी वेनबरो," ग्लेंडा म्हणाली. नर्सशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

फेरमोजणी संपली होती. निवडणूक अधिकारी, चष्मा लावलेले एक शांत गृहस्थ, उमेदवारांना मंचाजवळ बोलावत होते. दार उघडलं. घोंगडी पांघरलेली ग्लेंडा आत आली आणि तिच्यामागे छातीपर्यंत गाळाने माखलेली ब्रायोनी. सभागृहातल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या.

डेस्मंड खुर्चीवर बसला.

"रूकसाहेब," ब्रायोनी म्हणाली, "तुम्ही सकाळपासून फोन करत होतात ना? हा ग्लेंडाचा फोन. सकाळपासून माझ्या खिशात आहे. केस कापणाऱ्या बाईंचा आला. तुमचा एकदाही नाही. ती उचलणार नाही हे ज्याला ठाऊक असतं, तो कशाला फोन करेल?"

"मी... घाबरलो होतो."

"सकाळी तिच्या घरी चहा प्यालात. अनोळखी माणसाबरोबर कुणी रबरी बूट घालून निघत नाही. शेतातली वाट बंद, म्हणून बांधावरून खोपट्यात गेलात. परतल्यावर बूट बदललेत, कोट चढवलात, पण घाईत पँट तीच राहिली. तिच्या कडेला राखाडी गाळ आहे. गावात असा गाळ नाही, तो फक्त बांधाबाहेर असतो."

"पण कशासाठी?" रॉडनीच न राहवून म्हणाला. "त्याचीच उमेदवार होती ना ती?"

"म्हणूनच. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना केक देऊन यांनी टपाली मतांच्या अर्जांवर सह्या घेतल्या. मतपत्रिका आल्या तेव्हा स्वतःच भरून पाठवल्या. आयव्ही पोकॉक चालत मत द्यायला येईल, हे यांच्या ध्यानी आलं नाही. ग्लेंडाने ते ऐकलं आणि केकवाला कोण हे तिला लगेच उमगलं. ती मोजणीआधी इथे येऊन सांगणार होती. तुम्ही तिला म्हणालात, रूकसाहेब, आधी शांतपणे बोलू, सगळं कबूल करतो. आणि दाराला कुलूप घातलंत."

"फक्त निकालापर्यंत!" डेस्मंडचा आवाज चिरकला. "एकदा निकाल जाहीर झाला की कोर्टात गेल्याशिवाय तो फिरत नाही. जिंकल्यावर तीही गप्प बसेल असं वाटलं. तिच्या जिवावर उठलो नव्हतो मी. भरतीच्या आत परत जाणार होतो. त्या शेड झाल्या तर वासाने माझ्या तळावर कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. आपल्या सगळ्यांसाठीच..."

"रॉडनीने फेरमोजणी मागितली तेव्हा तुम्हाला कळलं, आता भरतीआधी पोहोचत नाही. एक शब्द बोलला असतात तर तटरक्षक वेळेत निघाले असते. तुम्ही खिडकीशी उभे राहून पाणी चढायची वाट बघत राहिलात."

हवालदाराने डेस्मंडला दंडाला धरून उठवलं. ग्लेंडापाशी आल्यावर तो थबकला, पण तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

निवडणूक अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. मोजलेली मतं जाहीर करणं एवढंच आपल्या हातात आहे, ते म्हणाले. बाकीचं पोलिसांचं आणि कोर्टाचं. आकडे वाचले गेले. फेरमोजणीतही ग्लेंडा थर्लवेल नऊ मतांनी विजयी. कुणी टाळी वाजवली नाही.

ग्लेंडा मंचावर गेली. ध्वनिक्षेपकासमोर तिचे दात वाजताना सगळ्यांना ऐकू आले.

"पद स्वीकारल्याची सही मी करणार नाही," ती म्हणाली. "सही नाही केली की जागा रिकामी होते आणि पुन्हा मतदान घ्यावं लागतं. आयव्हीचं मत तिचं तिलाच देता आलं पाहिजे. मला नाही दिलं तरी."

ती खाली उतरली तेव्हा रॉडनीने स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. त्याने विचारलं, "मग पुन्हा उभी राहणार तू?"

"राहीन की," ग्लेंडा म्हणाली आणि खुर्चीच्या पाठीला धरून हळूच बसली. "आधी पायांचं थरथरणं थांबू दे."