पांढऱ्या चादरीमागे

मिरजेच्या स्टेशन रोडवरच्या तांबोळी फोटो स्टुडिओत फोटो सुधारणारी नवी संगणक प्रणाली आल्यापासून दिलावरकाकांचा निम्मा दिवस तिच्याशी हुज्जत घालण्यात जात असे. फोटो स्कॅन केला, की ती आधी पार्श्वभूमी वाचायची. उजेड-सावलीच्या बारीक फरकांवरून मागे मुळात काय होतं याचा अंदाज बांधायची, आणि कुणी विचारलेलं नसलं तरी सांगून मोकळी व्हायची. एका नवऱ्या मुलामागची बाग नुसती पडद्यावर रंगवलेली आहे, हे तिने त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांसमोरच जाहीर केलं होतं.

आज शाल्मली पाटणे एक जुना फोटो घेऊन आली. पासपोर्टसाठी काढलेला, पण कडा कापायच्या राहिलेला. फोटोत ती स्वतःच होती, सहा महिन्यांची. वडील वारल्यावर त्यांच्या पाकिटात तिला तो सापडला होता.

"मागचा पांढरा काढून छान पिवळा रंग टाका, आणि फ्रेम जरा मोठी घ्या," ती म्हणाली.

काकांनी फोटो स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर त्याच्या पार्श्वभूमीवर बोट ठेवलं, तशी अक्षरं उमटली. 'भिंत नाही. कापड आहे. कापडामागे व्यक्ती आहे.'

शाल्मली दचकली. काका मात्र हसले. "अगं, असंच असायचं की! सहा महिन्यांचं पोर एकटं बसणार कसं? मग आईला स्टुलावर बसवायचं, डोक्यावरून पांढरी चादर टाकायची आणि पोर तिच्या पुढ्यात. कितीतरी आयांना मी असं झाकलंय."

"म्हणजे ही माझी आई?"

शाल्मली वर्षाची व्हायच्या आतच आई गेली होती. घरातले फोटो पुरात गेले, आणि आईला पाहिलेलं आता कुणीच उरलं नव्हतं. ती दिसायची कशी, हे शाल्मलीने फक्त वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं.

काकांनी पडद्यावरची 'खात्री' नावाची सरकती पट्टी शंभरपैकी नव्वदवर ठेवली. सुरकुत्या उठून दिसू लागल्या. बाळाच्या पोटाभोवती दोन हात, एका मनगटावर बांगड्यांचा उंचवटा. वर, नाकापाशी, कापड किंचित आत ओढलं गेलं होतं.

"त्या क्षणी ती श्वास घेत होती बघ," काका म्हणाले.

"अजून खाली न्या ना."

साठवर हनुवटी दिसली, तीसवर कपाळ. दहावर चादर नाहीशी झाली आणि एक तरुण बाई समोर आली. गोल चेहरा, गालावर खळी, थेट शाल्मलीकडे बघून हसणारी. शाल्मलीला रडू आवरेना.

काकांना गप्प बसवेना. "बेटा, तुझ्याशी खोटं नाही बोलणार. दहा म्हणजे दहातला एकच भाग खरा. बाकीचा चेहरा मशीनने फोटोतल्या तुझ्या चेहऱ्यावरून आणि लाखो परक्या बायकांवरून जुळवलाय. हसू तर सगळं मशीनचंच."

शाल्मलीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग तिने डोळे पुसले.

"नव्वदवरचाच छापा. तो खरा आहे."

फोटो छापून हातात आला. चादर, दोन हात आणि तो एक श्वास. तिने त्यावरून हलकेच बोट फिरवलं, डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"काका, डोळे मिटले की तो दहावरचाच चेहरा येतोय. आणि तो जाऊ नये असंही वाटतंय." ती काकांकडे वळली. "माझा जीव नक्की कुणावर जडलाय?"