जांभळ्या कापडाखाली कोण?

“पळाली! शिवणवर्गातली बिनडोक्याची बाई पळाली!”

नऊ वर्षांची ऑलिव्ह धापा टाकत वसतिगृहात शिरली आणि क्लोटिल्डच्या उघड्या ट्रंकेला अडखळून थेट घडी केलेल्या कपड्यांवर पडली.

“माझा इस्त्रीचा झगा!” क्लोटिल्ड किंचाळली. “अगं, बिनडोक्याची तर तूच आहेस! झगे मापायची कापूस भरलेली बाहुली ती. पळेल कशी? तिला पाय तरी आहेत का?”

“एक आहे! लोखंडी!”

नोएमीला हसू आवरेना. आज गुड फ्रायडे. परवा ईस्टर, की लगेच सुट्टी! नोएमीचे पपा कोळंबीची होडी घेऊन तिला न्यायला येणार होते. चार महिन्यांनी भेटणार होते ते. त्यामुळे सकाळपासून तिला कशाचंही हसू येत होतं.

“ऐका गं,” ती म्हणाली, “आज दुपारी तीनपासून मौन. काय बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या. उद्या प्रार्थनेत घंटा वाजेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, चिठ्ठीसुद्धा लिहायची नाही. जी बोलेल तिची सुट्टी गेली!”

“मला कशाला सांगतेस? क्लोटिल्डला सांग. ती झोपेतही बोलते,” ऑलिव्ह म्हणाली आणि उशीचा मार चुकवत पळाली.

सेंट ओडिलच्या शाळेत असे नियम ढीगभर होते. गुरुवारपासून घंटा मुक्या झालेल्या. त्यांच्या जागी प्रार्थनामंदिराच्या दाराशी लाकडी खडखडी टांगलेली. ती वाजली की हातातलं काम अर्धं टाकून रांगेत उभं राहायचं. घास हातात असला तर तो ताटात, सुई टोचलेली असली तर तशीच कापडात! साध्या सिस्टर असोत की मोठ्या मदर, सगळ्यांना हा नियम सारखा. शंभर वर्षं हे असंच चाललेलं.

आणि ईस्टरच्या आधी दोन आठवडे सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकलेल्या. जिन्याखालच्या कोनाड्यातली मरियामातासुद्धा.

ही माता मुलींची फार लाडकी. तिचा एक हात पुढे केलेला होता. घर सोडून आलेली नवी मुलगी पहिल्या संध्याकाळी रडायला लागली, की थोरल्या मुली तिला इथे आणायच्या आणि म्हणायच्या, “धर हा हात.” शंभर वर्षांतल्या मुलींनी धरून धरून त्या हाताचा रंग पार उडून गेला होता. आई गेल्यावर सात वर्षांची नोएमी इथे आली, तेव्हा जेवणाची घंटा होईपर्यंत तिने तो सोडला नव्हता. ऑलिव्ह तर अजून रोज जाऊन धरायची, कापडावरून का होईना.

आजही जेवायला जाताना ती कोनाड्यापाशी थांबली. तिने हात पुढे केला, आणि तिचा चेहराच बदलला.

“नोएमी, हात नाहीये!”

“काहीतरीच काय!” नोएमीने कापड चाचपलं. खरंच की! पुढे आलेला फुगवटा कुठे गेला? आणि खांदे कधीपासून इतके रुंद झाले?

क्लोटिल्डने इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकली आणि कापडाची कड उचलली. आत एकच पाय होता. लोखंडी!

“घ्या! सापडली तुमची बिनडोक्याची बाई!” क्लोटिल्ड म्हणाली. पण तिचा आवाज कापत होता. “मग माता कुठे आहे?”

“ही बाहुली इथे आणून ठेवणार कोण?” नोएमी विचार करत म्हणाली. “ईस्टरपर्यंत कापड कोणी काढणार नाही, हे ज्याला ठाऊक आहे तोच. आणि कोनाड्यावरचा दिवा बघ. परवापर्यंत बंद होता, आज चालू आहे. शिडी कोण लावतं इथे?”

“मिस्टर अल्सीद!” दोघी एकदम म्हणाल्या.

मिस्टर अल्सीद म्हणजे शाळेच्या इमारतीची देखभाल करणारे गृहस्थ. माणूस प्रेमळ, पण हाताला मुळीच धीर नाही. बेसिनचा नळ दुरुस्त करताना भिंत फोडणारे! राजम्याच्या जेवणाकडे पाठ फिरवून तिघी मागच्या अंगणात धावल्या. अवजारांच्या खोलीतून बोलणं ऐकू येत होतं. तिघी पिंपांमागे दडल्या.

“शिडी सरकली हो, फादर! माता कोसळली आणि रंगाचे पापुद्रे निघाले. आतलं लाकूड पार काळं पडलंय. कुजलंय म्हणा ना! मदरना काय तोंड दाखवू? मी शहरातून नवी प्लास्टरची मागवलीय. ट्रक उद्या येतोय.”

“बरं, बरं,” फादर एबेर घड्याळ बघत म्हणाले. त्यांना अजून दोन गावांत प्रार्थनेला जायचं होतं. “पण आशीर्वाद दिलेली वस्तू कचऱ्यात टाकायची नसते, अल्सीद. एक तर पुरायची, नाहीतर जाळायची. उद्या सकाळी ईस्टरचा नवा अग्नी पेटवणारच आहोत. घाल त्यातच.”

“पोतं उघडून दाखवू का?”

“काय करायचंय उघडून? मला उशीर होतोय!”

ऑलिव्हने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. मिस्टर अल्सीदनी एक लांबट पोतं ढकलगाडीवर घातलं, अंगणात रचलेल्या लाकडांच्या मधोमध ठेवलं आणि वर ओंडके रचले.

“चला, मदरना सांगू या!” नोएमी उठली. तेवढ्यात खडखडी वाजली. खड्, खड्, खड्! तीन वाजले होते.

मौन सुरू झालं.

त्या संध्याकाळी क्लोटिल्डने मदरना खाणाखुणांनी सांगून पाहिलं. हात पुढे केला, धाडकन पडून दाखवलं, बोटांच्या ज्वाळा केल्या. मदर सेराफीननी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि तिला एरंडेल पाजलं! ऑलिव्हला हसावं की रडावं कळेना. नोएमीला मात्र हसू आलं नाही. ती रांगेत उभी राहून दाराशी टांगलेल्या खडखडीकडे बघत होती. बोलायला गेलं तर पहिल्याच शब्दाला गप्प करतील, पण खडखडीला सगळ्यांना वळावंच लागतं. मात्र खोटी खडखडी वाजवणं म्हणजे मौन मोडण्यापेक्षाही मोठा गुन्हा. सुट्टी तर जाईलच. पपा धक्क्यावर येतील, टोपी हातात घेऊन उभे राहतील आणि एकटेच परत जातील. पण ज्या हाताने तिला सावरलं होतं, तो उद्या जळणार होता!

शनिवारी सकाळी सगळी शाळा अंगणात गोल करून उभी राहिली. व्हरांड्यात चाकांच्या खुर्चीत सिस्टर युजेनी होत्या, शाळेतल्या सगळ्यांत वृद्ध. फादर एबेरनी चकमक झाडली. ठिणगी विझली. त्यांनी परत झाडली.

खड्! खड्! खड्! खड्!

प्रार्थनामंदिराच्या दारातून खडखडी कडाडली! काय गंमत सांगावी! दीडशे पावलं एकदम वळली. सिस्टर वळल्या, मुली वळल्या, मदर सेराफीन वळल्या. फादर एबेर चकमक हातात घेऊन दोन पावलं चाललेही, आणि मग कपाळाला आठ्या घालत पुढे निघाले. मिस्टर अल्सीद तर सगळ्यांत पुढे! निम्मी रांग आत गेली तेव्हा कुठे मदरच्या ध्यानात आलं, की ही प्रार्थनेची वेळ नव्हे.

तेवढा वेळ पुरला. रात्री खुणांनी ठरवल्याप्रमाणे क्लोटिल्ड आणि ऑलिव्हने ओंडके भराभर बाजूला लोटले. नोएमीही धावत आली. तिघींनी मिळून पोतं ओढलं, गाठ सोडली आणि कापड मागे सारलं.

आणि तिघी जागच्या जागी थिजल्या.

गुलाबी रंगाचे पापुद्रे गळून पडले होते. आत कुजलेलं काहीच नव्हतं. आत होता गडद तपकिरी सायप्रसच्या लाकडात कोरलेला एक चेहरा. रुंद नाक, भरलेले ओठ, उंच गाल. आणि डोक्याला गाठ मारून बांधलेला रुमाल, ऑलिव्हची आजी बांधते अगदी तस्सा! गावातल्या गोऱ्यांच्या शाळेत ज्यांना फाटकाच्या आत घेत नसत, त्या काळ्या मुलींची ही शाळा. त्यांनी आजवर पाहिलेली प्रत्येक मूर्ती, प्रत्येक तसबीर गोरीच होती. स्वर्गात सगळे गोरेच असतात, असं ऑलिव्हला खरंच वाटायचं. नोएमीच्या अंगावर सरसरून काटा आला.

पावलं वाजली. मदर सेराफीन समोर उभ्या होत्या. चेहरा संतापाने लाल. त्यांनी खडखडी उंच धरून सगळ्यांकडे रोखून पाहिलं. कोणी वाजवली?

नोएमी पुढे झाली. मान ताठ. ती एका बाजूला सरली, आणि मदरना मूर्ती दिसली. खडखडी हळूच खाली आली.

मग व्हरांड्यातून एक थरथरता आवाज आला.

“मला जवळ न्या. लवकर न्या गं मला जवळ!”

सिस्टर युजेनी! आयुष्यात एकदाही ज्यांनी मौन मोडलं नव्हतं, त्या सिस्टर युजेनी बोलत होत्या! त्यांनी मूर्तीच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवली आणि त्या ढसाढसा रडू लागल्या.

“मी लहान होते तेव्हा पहिल्या सिस्टर सांगायच्या, आमची माता रुमाल बांधलेली होती. आपल्याच माणसांनी कोरलेली. शहरातून कोणी बडा माणूस आला आणि म्हणाला, ‘माता अशी नसते, जाळून टाका हिला.’ त्यानंतर ती कधी कोणाला दिसली नाही. जळलीच, असं आम्ही समजलो.”

“नाही, सिस्टर!” नोएमीला राहवलंच नाही. “पहिल्या सिस्टरांनी ती जाळली नाही! रंगाखाली लपवली! रोज आपल्या डोळ्यांसमोर होती ती!”

फादर एबेरनी टोपी काढली. “आणि मी पोतंसुद्धा उघडलं नाही,” ते पुटपुटले. मिस्टर अल्सीद तर ढकलगाडीवर मटकन बसून डोळे पुसायला लागले.

“मदर,” नोएमी म्हणाली, “खोटी खडखडी मी वाजवली. माझी सुट्टी—”

“खोटी?” मदर सेराफीनचा आवाज कधी नव्हे इतका मऊ झाला होता. “खडखडी कशासाठी असते? देवाच्या दारी बोलावण्यासाठी. मला तर इतकं खरं बोलावणं कधी आलं नव्हतं. शहाण्या गं माझ्या पोरी! नोएमी, वडिलांना उद्या आत घेऊन ये. त्यांनाही बघू दे.”

मग नवा अग्नी पेटला, त्या पोत्याशिवाय. चौघी सिस्टरांनी मातेला उचलून आत नेलं. प्रार्थनेत ती वेळ आली आणि सगळ्या घंटा एकदम घणघणल्या. एकेक जांभळं कापड खाली उतरलं. मोठ्या मोठ्या सिस्टर लहान मुलींसारख्या रांग लावून मातेचा हात धरायला आल्या. ऑलिव्हची पाळी आली. तिने तो तपकिरी हात आपल्या हातात घेतला, मान वर करून त्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ पाहिलं, आणि भर प्रार्थनेत मोठ्यांदा म्हणाली, “अगं बाई! ही तर आमच्यातलीच आहे!”

आणि तिला कोणीही गप्प केलं नाही.